ओला झेंडा

"सकाळचा झेंडा कुणीही बघतं. तू संध्याकाळचा बघत जा," गेन्झो काकांनी तिला बजावलं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी सकाळी उठलं की दाराशी पिवळा झेंडा लावायचा आणि गावच्या भोंग्यावर पाचची धून वाजली की आत घ्यायचा, ही टूम त्यांचीच.

"काका, मी सायकली मोजू की झेंडे?" बेटावर पाहुण्यांच्या सायकल सहली नेणारी शिओरी हसून म्हणाली होती, आणि त्यांना घेऊन पुढे निघाली होती.

आज सकाळी नऊला ती सात पाहुण्यांसह चढावरच्या शेवटच्या घराशी थांबली. तोमिए आजीचं घर. त्यापुढे नुसत्या संत्र्यांच्या बागा आणि खाली समुद्र. तिने नेहमीसारखी सायकलची घंटा दोनदा वाजवली.

"हा झेंडा कसला?" ओसाकाहून आलेल्या हामासाकींनी विचारलं.

"झेंडा बाहेर, म्हणजे आजी ठणठणीत. आत्ता येईल बघा संत्री घेऊन."

"आमच्याकडे झेंडा लागत नाही. हिचा आवाज बाहेर आला की सगळ्या गल्लीला कळतं, ठणठणीत आहे."

"तुम्ही गप्प बसा हो," त्यांच्या बायकोने झेंड्याचं टोक चिमटीत धरलं. पाणी ठिबकलं. "बाई, हा तर चिंब आहे. पाऊस रात्री पडला ना?"

शिओरीने वळून खालच्या घरांकडे पाहिलं. तिथले तीन झेंडे वाऱ्यावर फडफडत होते, कोरडे.

काल याच रस्त्याने ती उलट बाजूने आली होती. पाचची धून वाजून गेली होती, अंधारत होतं. झेंडा बाहेर दिसला होता. दिसला नव्हता असं ती स्वतःलाही सांगू शकत नव्हती. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, पोरीच्या अंगावरचा डास तिला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. पण पाळणाघरातून फोन आला होता, लेकीला, कोहारूला ताप आहे म्हणून. विसरली असेल आजी, असं म्हणत तिने घंटा वाजवली आणि उतार धरला. ताप साधाच होता. रात्री आठपर्यंत उतरलाही.

दाराला कडी नव्हतीच. आजी स्वयंपाकघरात जमिनीवर आडवी होती. एक पाय विचित्र वळलेला. हात लांब करून तिने बसायचं एक जाड आसन ओढून घेतलं होतं आणि छातीशी धरलं होतं.

"आजी!"

"आलीस होय," आजी म्हणाली. आवाज कागदासारखा कोरडा. "ओरडू नकोस गं, बाहेर पाहुणे आहेत. संत्री न्हाणीघराशी टोपलीत आहेत. पिशव्या भरायच्या राहिल्या बघ."

शिओरीने आपलं जाकीट काढून तिच्यावर घातलं. मग तिचा बर्फासारखा गार हात मांडीवर घेऊन चोळत राहिली. हामासाकी बाहेर फोनवर ओरडून पत्ता सांगत होते.

"केव्हा पडलात?"

"दुपारी. चहा ठेवायला उठले." आजीने डोळे मिटले. "मग संध्याकाळी तुझी घंटा ऐकली. हाक मारली मी, पण आता कुठला आवाज निघतो. म्हटलं, असू दे. शिओरी वेळेवर घरी चालली."

बचाव नौका यायला चाळीस मिनिटं लागली. स्ट्रेचरचे पट्टे आवळताना नर्सने विचारलं, "रात्रभर अशाच पडून होत्या? काल कुणी फिरकलं नाही का इकडे?"

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

"मी आले होते," शिओरी म्हणाली.

हिरोशिमाहून आजीच्या मुलाचा फोन आला. आई आता बेटावर परतणार नाही, इथेच वृद्धाश्रमात जागा बघतो, असं त्याने आजीला नाही, शिओरीला सांगितलं. आजी नौकेवर चढताना मान वर करून बागेकडे बघत होती. झाडांवरची बरीचशी संत्री अजून हिरवीच होती.

गेन्झो काका धक्क्यावरून चालत वर आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांनी झेंडा काढला, पिळला, आणि तिच्या हातात दिला.

सहली अजूनही त्याच रस्त्याने जातात. त्या घराशी शिओरी उतरते, बंद दारापुढे क्षणभर थांबते आणि सायकल हातात धरून चढ संपेपर्यंत चालते. पाहुणे कारण विचारतात तेव्हा ती सगळं सांगते, आपला वाटा न लपवता, आणि शेवटी एक मागणं मागते. तेच ती तुमच्याकडेही मागते आहे. तुमच्याही रोजच्या वाटेवर असं एक दार असेल, जिथून तुम्ही घंटा वाजवून पुढे जाता. आज संध्याकाळी तिथे थांबा. घंटा वाजवू नका. खाली उतरा आणि आत जाऊन बघा.