उरलेली कवळी

सहाही वाट्या तिने एकदमच तसराळ्यात उपड्या केल्या. एक कवळी धुवायची, ती ज्या खाटेची त्या खाटेच्या वाटीत ठेवायची आणि मगच दुसरीला हात लावायचा, असं तिला पहिल्या दिवसापासून बजावलेलं होतं. पण मग किळस यायची तीही सहा वेळा. त्यापेक्षा काय ती एकदाच येऊन जाऊ दे. तिने साबणाचं पाणी ओतलं, तोंड फिरवलं आणि ब्रश चालवला. हातमोज्यातूनही बुळबुळीत लागत होतं. दातांच्या फटींतून सकाळच्या पावाचा लगदा सुटून पाण्यावर आला.

आजचा दिवस काढला की संपलं, नर्सिंग सोडून घरी. खोलीवर बॅग भरून ठेवलेली होती. दुपारी दादा न्यायला येणार होता. नर्स होण्याचं खूळ तिचं स्वतःचंच, त्यामुळे घरात कुणाच्या नावाने बोटं मोडायचीही सोय नव्हती.

ती वॉर्डात आली तेव्हा खिडकीजवळच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

"गेल्या," सिस्टर म्हणाल्या. "आत्ताच. मुलगी निघालीय घरून. जबडा आवळायच्या आत कवळी बसवायला हवी. यांची दे."

तिने तसराळं पुढे केलं. सिस्टरांनी आत पाहिलं. एकमेकींवर रेललेल्या सहा कवळ्या दात विचकून पडल्या होत्या.

"मी नाहीतरी आज जाणारच आहे, सिस्टर."

"जा की. कोण धरून ठेवतंय? पण हे निस्तरून जा." सिस्टरांचा आवाज चढला नाही. "ज्या जिवंत आहेत त्या आपली आपली ओळखतील. पाचजणींच्या तोंडात बसव. उरेल ती यांची."

पहिल्याच आजींनी कवळी जिभेने ढकलून बाहेर काढली. "ही माझी? अगं, ही घोड्याची आहे!"

"म्हणजे तुझीच," शेजारची खाट म्हणाली.

वॉर्ड हसला. तिला हसू येईना. प्रत्येक नकारासरशी कवळी काढायची, लाळेची तार तोडायची, नळाशी जायचं, धुवायची, पुन्हा पुढचं तोंड. प्रत्येक तोंडाला आपापला वास होता. कुणाच्या टाळूवर पांढरा थर, कुणाच्या गालात सकाळची अर्धी विरघळलेली गोळी. एका आजींनी दात दोनदा वाजवून पाहिले आणि खुशीत मान डोलावली.

"तुमचीच ना, आजी? नक्की?"

"माझी नाही गं. पण माझ्यापेक्षा बरी बसतेय. राहू दे का?"

"आजी!"

"बरं, काढ बाई. विचारायला काय जातंय."

कोपऱ्यातल्या आजींना वाचा नव्हती. त्यांनी पहिली कवळी थुंकली ती कफासकट, थेट तिच्या छातीवर. ती तशीच मोरीकडे धावली. उमासे आले, पोटातून काहीच आलं नाही. आरशात न बघता तिने एप्रन पुसला. दुसरी कवळी लावली तेव्हा आजींनी ओठ मिटले आणि डोळेही.

तसराळ्यात एकच राहिली.

पडद्याआड बाईंचं तोंड आत ओढल्यासारखं झालं होतं. नाक आणि हनुवटी यांच्यामध्ये नुसता खड्डा. त्यातून गोडसर कुजका वास येत होता. तिने श्वास रोखला.

"आ करा हं, बाई," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली.

सुकलेला ओठ हिरडीला चिकटला होता. ओल्या बोळ्याने तो सोडवावा लागला. एका हाताने जबडा खाली दाबून तिने कवळी तिरकी आत सरकवली. टक् झालं. हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी दिली. गाल भरून आले आणि खाटेवर एक करारी, नीटनेटकी बाई दिसू लागली, जिच्याकडे तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं.

मुलगी आली. पायाशीच उभी राहिली. तिथूनच म्हणाली, "कवळी काढून आई कधी कुणासमोर आली नाही. बाबांसमोरसुद्धा. मी तर तिला तशी पाहिलेलीच नाही." मग तिच्याकडे वळून, "इथे काढावी लागली का हो? पाहिलं कुणी?"

तिने हात पाठीमागे घेतले.

"नाही."

"बरं झालं," मुलगी म्हणाली. आईच्या गालावर तिने हात ठेवला आणि मग ती तिथेच खाली बसली.

पडदा सारून ती बाहेर आली, तर वॉर्डाच्या दारात दादा उभा होता. एक पाऊल आत, एक बाहेर. नाकातोंडावर रुमाल दाबलेला.

"चल लवकर," तो रुमालातूनच म्हणाला. "काय घाण वास आहे गं! इतके दिवस राहिलीस तरी कशी?"

पाचही खाटांवरच्या माना त्याच्याकडे वळल्या होत्या.

"रुमाल काढ आधी," ती हळूच म्हणाली. "त्या बघतायत."