सरावानंतरचा ग्लास

सिल्व्हर पार्कच्या ज्युडो क्लासात उत्तमसर तेजलला सरावानंतर दुधातून पावडर देत. पोरीची ताकद वाढली, पण आवाज घोगरा झाला, ओठांवर लव आली. तिच्या आईच्या, सुरुचीच्या, मनात पाल चुकचुकली. एके संध्याकाळी ती थेट क्लासात गेली.

"सर, यात नक्की काय असतं?"

"नुसतं प्रोटीन हो, ताई. स्टेटची स्पर्धा तोंडावर आलीय, आता बंद करू नका."

सरांची मुलगी नेहाही तिथेच खेळायची. ती घाम पुसत आली, तेव्हा सुरुचीने तेजलच्या हातातला ग्लास घेऊन तिच्यापुढे धरला.

"घे बाळा, तूही दमलीयस."

नेहाने हात पुढे केला, तोच सर ओरडले, "तिला नको!"

पावडरीवरून आईशी रोज भांडणारी तेजल मुकाट्याने चपला घालू लागली.