बरणीतल्या टोप्या

कॉम्प्युटरचा प्रोसेसर बोटांतून निसटला आणि एका कोपऱ्यावर सॉकेटमध्ये पडला. आवाज म्हणावा असा झालाच नाही, तरी म्हाताऱ्या कारागिरानं तो ऐकला.

त्यानं प्रोसेसर उचलला आणि टेबलावरचा दिवा खाली ओढला. नव्याकोऱ्या मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायच्या त्या सॉकेटमध्ये हजारावर पिना होत्या. केसाहून बारीक, सगळ्या एकाच बाजूला माना कलवून उभ्या. कोपऱ्यातल्या दोघी मात्र एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चष्म्याचा काही दोष नव्हता.

दोष उजव्या हाताचा होता. वर्षभर तो हात थरथरत होता आणि वर्षभर कारागीर ते चोरून ठेवत होता. चहा अर्धाच कप घ्यायचा. सही करायची वेळ आली की पेन चालत नाही म्हणायचं. स्क्रू आवळताना डाव्या हातानं उजवं मनगट धरायचं, आणि मुलगी आत आली की तेच मनगट खाजवत बसायचं. बोर्ड पेटीत बसवणं, वायरी जोडणं, पंखा लावणं, एवढं या सोंगावर निभत होतं. प्रोसेसर मात्र दोन बोटांत धरून वरून अलगद सोडावा लागतो. तिथं सोंग चालत नाही.

कॉम्प्युटर जोडून विकायच्या या दुकानात बापलेक दोघंच. सकाळी तो बोर्ड बसवायचा, दुपारी मुलगी मशीन सुरू करून तपासायची आणि गिऱ्हाइकाकडे पोचवायची. वर्षभरात एकही मशीन परत आलं नव्हतं. हात हलतो, पण काम चुकत नाही, या एका गोष्टीवर त्याला रात्री झोप लागत होती.

समोरच्या फळीवर काचेची मोठी बरणी होती, काळ्या टोप्यांनी गळ्यापर्यंत भरलेली. नव्या बोर्डच्या सॉकेटवर पिना झाकायला प्लास्टिकची टोपी येते. प्रोसेसर बसवून वरचा खटका लावला की ती सुटून हातात येते. त्याचा नियम होता: पहिल्या दमात बिनचूक बसला, तरच टोपी बरणीत. नाहीतर कचऱ्यात. मुलगी काम शिकत होती तेव्हा तिच्या पहिल्या चार टोप्या त्यानं स्वतः कचऱ्यात टाकल्या होत्या. ती रडली, तरी ऐकलं नव्हतं. वर ऐटीत म्हणाला होता की माझ्या हातून ज्या दिवशी पिन वाकेल, त्या दिवशी मी या टेबलावरून उठेन. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. आज तीच जीभ कोरडी पडली होती.

टेबलावरून उठून करायचं काय? घरी एक खुर्ची होती आणि समोर भिंतीवर एक घड्याळ. त्या घड्याळाची त्याला मरणापेक्षा जास्त भीती वाटे.

जिन्यावर मुलीच्या चपला वाजल्या.

एक वाट अजून मोकळी होती. प्रोसेसर वर ठेवून खटका दाबला की पिना झाकल्या जाणार. टोपी बरणीत टाकायची. मशीन सुरू झालं नाही, तर बोर्डच सदोष आला म्हणायचं. कोण बघायला जातंय? त्यानं घाईघाईनं प्रोसेसर ठेवलाही. बोट खटक्यावर गेलं. पण चिकटलेल्या पिनांतून वीज गेली तर बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही जळायचे, आणि बटण दाबणार होती मुलगी. बापाची चूक होऊच शकत नाही, म्हणून ती जन्मभर स्वतःला बोल लावत बसली असती. त्यानं प्रोसेसर पुन्हा उचलून बाजूला ठेवला.

मुलगी आत आली. त्यानं दोन्ही हात टेबलावर पसरले. उजवा थरथरत होता. या वेळी त्यानं तो धरला नाही.

"पिना वाकल्या," तो म्हणाला. "माझ्या हातून. आजपासून हे टेबल तुझं."

तो स्टूल मागे सारून उठला.

सॉकेटवर वाकून मुलीनं पाहिलं आणि दोनच आहेत म्हणाली, चहात साखर कमी आहे म्हणावं तितक्या सहज. मग तिनं स्वतःचा खण ओढला. त्या खणाला त्यानं कधी हात लावला नव्हता. आत एक भिंग होतं आणि बुचात खोचलेली शिवणकामाची सुई. तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि सुईच्या टोकानं एक पिन उचलली, मग दुसरी. तिला शोधावं लागलं नाही, थांबावं लागलं नाही. सवयीचा हात होता तो. हे ती कधी शिकली, हे त्याला कळेना.

तेवढ्यात त्याला खणाच्या तळाशी काळ्या टोप्या दिसल्या. त्यानं मोजल्या. सात होत्या.

"या कुणाच्या?"

तिनं मान वर केली नाही. फक्त पायानं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"तुमच्याच. वर्षभरात मी बरणीतून काढलेल्या," ती म्हणाली. "बरणीत ठेवणं तुमच्या नियमात बसत नव्हतं, बाबा, आणि कचऱ्यात टाकणं माझ्यानं होईना."