किरणचं नाव

"नाव घे, मग आत ये!"

नणंद प्रियंका चौकटीला दोन्ही हात लावून दार अडवून उभी. सहाव्या मजल्यावरचा पॅसेज वऱ्हाडानं भरलेला, लिफ्टमधून अजून माणसं उतरतच होती. नवी नवरी दर्शना पांढऱ्या साडीचा पदर सावरत उंबऱ्याशी थांबली. शेजारी किरण, गळ्यातल्या हारात हनुवटी रुतवून.

दोन वर्षांच्या ओळखीत तिनं त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. 'अरे', 'ए', 'ऐक ना', बस. क आला की तिची जीभ अशी चिकटून बसे, की समोरचाच तो शब्द पुरा करून मोकळा होई. तिचे निम्मे शब्द असे लोकांच्या तोंडून जगात गेले होते. हा एक तरी आपल्या तोंडून जावा, एवढंच आज तिच्या मनात होतं.

"ऊन येतं उंबऱ्यात थांबत थांबत..."

"वाह!"

"क्... क्..."

शब्द तिथेच अडला.

"लाजली गं बाई!" मागून शकुमावशी, किरणची मावशी, हसल्या. "किरण म्हण, झालं. बिर्याणी थंड होतेय तिकडे."

प्रियंकाही ओठांनी 'किरण' करून दाखवू लागली. किरणनं तिला डोळ्यांनीच दटावलं. दर्शनाच्या स्पीच थेरपिस्टनी, घाटकोपरच्या शुभा मॅडमनी, त्याला बजावून ठेवलं होतं: ती अडली तर थांबायचं. तिचा शब्द आपण उचलायचा नाही.

"लाजत नाहीये, मावशी," दर्शना म्हणाली. "मी अ... अडखळते. शब्द येतोय. वाटेत आहे."

कुणीतरी खुदकन हसलं. तीही हसली, आणि हसता हसता जीभ सैल झाली. झटापट नको गं, मॅडम म्हणायच्या. श्वास आधी सोड. त्याच्यावर क अलगद ठेव, फुलावर पाखरू टेकतं तसा. अडकला तर लपवू नकोस, सावकाश ओढत ने.

तिनं श्वास सोडला.

"क्... किऽऽऽरणचं नाव घेते मी, लांबवत लांबवत!"

शिट्ट्या, टाळ्या, कुणाची तरी थाळी वाजली. किरणचे कान लालेलाल. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"बारसं झालं रे तुझं!" शकुमावशी ओरडल्या. "आता तू घे तिचं."

"चहात घातलं आलं, दर्शनाचं नाव घेतो, काम झालं!" किरणनं एका दमात उरकलं.

"हॅ! मेल्या, गाडी सुटतेय का तुझी? बायकोकडून शिक जरा!"

"वन्स मोअर!" पॅसेज गरजला. "वहिनी, वन्स मोअर!"

प्रियंकाचे हात चौकटीवरून कधीच सुटले होते. ती टाळ्या वाजवत होती. दार सताड मोकळं होतं, पण आत जायची दर्शनालाच घाई नव्हती. तिनं पदर खोचला आणि उखाणा पुन्हा पहिल्यापासून धरला.

या खेपेला क अडकलाच नाही. तरी तिनं ते नाव ओढलं, चांगलं लिफ्टच्या दारापर्यंत.