पावकाकांची शाल

“शालीची कड झाली का गं?” पावकाकांनी आरशासमोरून विचारलं.

त्यांच्या बायकोचा एक डोळा ओव्हनवर होता, कान कुकरच्या शिट्ट्यांकडे होते आणि मांडीवर शाल होती. कडेचे चाळीस टाके अजून बंद व्हायचे होते. दुपारी तीनच्या आत पाव आणि शाल दोन्ही हॉलवर पोचायला हवी होती. छंद मंडळाचं प्रदर्शन होतं, आणि स्पर्धेच्या यादीत नाव एकट्या पावकाकांचं होतं.

निवृत्त झाल्यावर नवऱ्याने हे छंद धरले होते. आधी पाव, मग विणकाम. इमारतीतल्या लोकांनी त्यांना पावकाका म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्यांना मनापासून आवडलं. ते पाव करत म्हणजे पीठ मोजत आणि शेवटी वरून सुरीने झोकात चीर देत. मधलं मळणं तिच्याकडे, कारण त्यांचं मनगट दुखे. शाल त्यांनी वीतभर साधी विणली आणि पानांची नक्षी सुरू व्हायची वेळ आली तशी तिच्या मांडीवर आणून ठेवली. “हे नाजूक काम मला नाही जमत बुवा.” सांडलेलं पीठ, करपलेले ट्रे, ओट्यावरचा पसारा, हे तर त्यांना दिसतच नसे. येणारे-जाणारे पाव खाऊन म्हणत, “वहिनी, नशीब काढलंत.” ती आत ट्रे खरवडत असे.

“आणि हो,” पावकाका शर्टाची बटणं लावत म्हणाले, “संध्याकाळी मंडळाची दहा माणसं जेवायला बोलावली आहेत. तू तिथून जरा लवकर नीघ. साधंच कर काहीतरी.”

“दहा माणसांचं साधं?”

“मला येत असतं तर मीच केलं असतं. मला साधा भात लावता येत नाही, तुला माहीतच आहे.”

माहीत होतं. मुलगा सहा दिवसांचा होता तेव्हा ती भिंतीला धरून ओट्याशी उभी राहिली होती. आई शेवटची आजारी पडली तेव्हा ती माहेरी गेली, तर चौथ्या दिवशी यांचा फोन आला. खानावळीचं अन्न सोसत नाही, उपास घडतायत, ये. ती आली. सहाव्या दिवशी आई गेली. त्याबद्दल ती त्यांना कधी बोलली नव्हती. एखाद्याला येतच नाही, त्यावर काय बोलणार? चौतीस वर्षांत तिचा राग चांगला मुरला होता, पण त्याला एक झाकण होतं. बिचाऱ्यांना जमत नाही.

तिने चाळीस टाके बंद केले, पाव काढला, कुकर उतरवला, रात्रीच्या भाज्या चिरून झाकून ठेवल्या आणि साडी बदलली. हातांना कांद्याचा वास तसाच राहिला.

हॉल भरला होता. पहिलं बक्षीस शालीला मिळालं. पावकाका व्यासपीठावर गेले, माइकसमोर उभे राहिले. “घरात कुणाला त्रास न देता केलं सगळं,” ते म्हणाले. लोक हसले, टाळ्या पडल्या. खाली दुसऱ्या रांगेत तिने पर्सचा पट्टा मुठीत आवळला.

परीक्षक बाई उत्साही निघाल्या. त्यांनी सुया आणि लोकर पुढे केली. “काका, ही पानं कशी उचलता? दोन ओळी विणून दाखवा ना आम्हाला.”

एवढा राग असूनही तिला त्यांची काळजी वाटली. चारचौघांत हसं होणार होतं माणसाचं. त्यांचा चष्मा घरी राहिलाय, असं सांगायला ती खुर्चीतून अर्धी उठली.

पावकाकांनी लोकर बोटाला गुंडाळली. सुया चालू लागल्या. खाली न बघता, लोकांशी बोलत बोलत त्यांनी टाके घातले. उलट, सुलट, दोन एकत्र, एक सोडून. बघता बघता सुईवर एक पान उमटलं. तिच्या पानांपेक्षा रेखीव.

ती तशीच अर्धवट उभी राहिली.

“बस ना वहिनी, मागच्यांना दिसत नाहीये,” शेजारून धाकटी नणंद म्हणाली. ती कौतुकाने हसत होती. “दादाचा हात अजून तसाच आहे बघ. आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोन वर्षं घर यानेच चालवलं. विणकाम, शिवण, सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक. तुमच्या लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत आम्ही याच्याच हातचं जेवत होतो. तुला बोलला नाही कधी?”

“नाही,” ती म्हणाली.

ती खाली बसली. हॉलमध्ये टाळ्या चालल्या होत्या. तिला त्यातली एकही ऐकू आली नाही. तिला फोनवरचा चौतीस वर्षांतला तो एकच आवाज ऐकू येत होता. उपास घडतायत, ये.

पावकाका करंडक घेऊन खाली आले. वाकून हळूच म्हणाले, “तू अजून इथेच? माणसं सातला येतील.”

तिने पर्समधून घराची किल्ली काढली आणि त्यांच्या करंडकात टाकली. खण्ण आवाज झाला. पुढच्या रांगेने मागे वळून पाहिलं.

“मी बहिणीकडे चालले आहे. कधी येईन ते ठरवलेलं नाही,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. “भाज्या चिरून ठेवल्या आहेत. पुढचं तुम्हाला येतं.”