लाल झाकण, हिरवं झाकण

वजनकाट्यावर आधी धाकटी चढली. प्रयोग सुरू झाला तेव्हापेक्षा तिचं वजन कमी भरलं. मग थोरली चढली. तिचं वाढलं होतं.

"मेलीचं नशीबच तसलं," थोरली मनात म्हणाली आणि पुन्हा चपला घालायला तिने मुद्दाम वेळ लावला.

दोघी जुळ्या. पाठमोऱ्या असल्या की आईलासुद्धा ओळखू येत नसत. थोरली ती काही मिनिटांचीच थोरली. पण तेवढ्यावर धाकटी तिला जन्मभर ताई म्हणत आली होती आणि शेंडेफळाचे लाड स्वतः वसूल करत आली होती, असं थोरलीचं ठाम मत.

प्रयोगशाळेला अशाच जुळ्या हव्या होत्या. दर आठवड्याला दोन डबे मिळत, लाल झाकणाचा थोरलीचा, हिरव्या झाकणाचा धाकटीचा. आत बन, दिसायला एकसारखे. फरक होता तो फक्त आतल्या स्निग्ध पदार्थाचा, आणि कुठल्यात काय घातलंय ते दोघींनाही सांगायचं नव्हतं. थोरलीचं शिवणाचं दुकान वाटेवर, म्हणून डबे तीच घरी आणायची. जिन्यात थांबायची, इकडेतिकडे बघायची आणि झाकणांची अदलाबदल करून टाकायची. हिरव्यात नक्कीच काहीतरी चांगलं असणार. धाकटीच्या वाट्याला आलंय ना, मग असणारच.

एवढं करूनही परवा धाकटीच्या स्कर्टचं माप घेतलं, तर कंबर बोटभर उतरलेली! आपला डबा खाऊनसुद्धा भलं हिचंच. थोरलीचा नुसता जळफळाट झाला. तीच टेप स्वतःच्या कंबरेला लावून बघायचा मात्र तिला धीर झाला नाही.

"आज सगळं सांगायला हरकत नाही," डॉक्टरीणबाई कागद सारखे करत म्हणाल्या. "लाल झाकणात लोण्याचे बन होते. हिरव्यात सूर्यफुलाच्या तेलाचे."

थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हणजे बरोबर ओळखलं होतं! इतके दिवस तेल आपण खाल्लं, लोणी हिने. वजनाचं काय, ते वरखाली होतच असतं. आता गेल्या खेपेला तपासायला दिलेलं रक्तच काय ते सांगेल.

"तुमची जनुकं सारखीच आहेत, ती बदलत नाहीत," बाई सांगत होत्या. "पण त्यांच्यावर बारीक खुणा असतात. कुठलं जनुक किती काम करणार, ते बरंचसं त्यांच्यावर ठरतं. खाण्यातल्या चरबीने त्या खुणा हलतात का, तेच आम्ही बघत होतो."

थोरलीला एवढं कळलं. कापड तेच, वर खडूच्या खुणा. खूण सरकली की शिवण सरकते.

"दोघींवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण खुणा हलल्यात खऱ्या, आणि वेगवेगळ्या. थोरल्या ताईंच्या रक्तात लोण्याच्या गटासारख्या, धाकट्या ताईंच्या तेलाच्या. अगदी आम्ही दिलं तसं. इतकं चोख पथ्य पाळणारी जोडी आम्हाला दुसरी मिळाली नाही."

थोरलीचं हसू जागच्या जागी थिजलं. लोण्याच्या? झाकणं तर तिने स्वतःच्या हाताने बदलली होती, एकही आठवडा न चुकता. मग डबे ओट्यावर ठेवून ती हातपाय धुवायला जायची. तेवढा वेळ ओट्यापाशी एकटी धाकटीच असायची.

तिने मान वळवली. धाकटी फरशीकडे बघत होती. तिचे कान लालबुंद झाले होते. चोरी पकडली गेली की थोरलीचेही अस्सेच होतात.

"तू पण?" थोरली कुजबुजली.

"पण म्हणजे?" धाकटीने चमकून वर पाहिलं.

थोरली खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागली. तिचेही कान तापले होते.

"आई आमटी नेहमी तुला आधी वाढायची, ताई," धाकटी पुटपुटली. "मला आपलं तळाचं."

"अगं, तळाशीच तर सगळा ऐवज असायचा! मला मेलं वरचं पाणी."

डॉक्टरीणबाईंना यातलं काहीच कळलं नाही. त्यांनी चहा मागवला आणि शेवटच्या खेपेतले दोन बन बशीत काढले.

"एक लोण्याचा, एक तेलाचा. आता प्रयोग संपला. कुठला कुणी घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा."

बशीत दोन बन, तोंडावळ्याने अगदी एकसारखे. दोघींचे हात एकदमच पुढे झाले आणि एकाच बनवर पडले. कुणीच हात मागे घेतला नाही.