बाल्कनीतला ड्रम

"आता तरी ओतून टाक ते पाणी," मी आईला म्हणाले. बाबा गेल्यावर मासे आणि काचेची टाकी आम्ही देऊन टाकली होती. उरला होता हा निळा ड्रम, त्यांनी शेवटचं कालवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याचा.

बाबा हर्णैचे. नोकरीनं सोलापूरला आणलं, तर त्यांनी समुद्रच घरी आणला. ड्रमात फिल्टरचं पाणी भरायचे, त्यात समुद्री माशांच्या टाकीसाठी मिळतं ते मीठ घालायचे आणि पंप घरघरत ठेवायचे. एकदा ड्रम आटलेला बघून आईनं स्वयंपाकघरातलं मूठभर मीठ टाकलं. बाबा हसले. "कुमुद, पाणी उडतं, मीठ कुठं जात नाही. नुसतं पाणी घालायचं, या खुणेपर्यंत."

तेव्हापासून ती तेच करत आलीय. आत्ताही हातात तांब्या होताच.

"अगं, बाबांनी भरलेलं पाणी कधीच उडून गेलं. हे सगळं तूच ओतलेलं."

"हो," आई म्हणाली. "चाखून बघ."

मी बोट बुडवून जिभेला लावलं. लहानपणी हर्णैला बाबांच्या खांद्यावरून लाटेत पडले होते, तेव्हा नाकातोंडात गेलेली तीच चव.

मी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि ड्रम खुणेपर्यंत भरला.